नकाशातला पंखवाला प्राणी

दोस्तांनो, पालीसारखं लांबट अंग, वाकडी मान, पाठीवर पंख आणि पायांना तीक्ष्ण नख्या, असा प्राणी तुम्ही कधी पाहिलाय का? राणीच्या बागेत शोधायला जाऊ नका, तिथे तो नाही. हा प्राणी जन्मला एका वर्तमानपत्राच्या पानावर. दिवस होता २६ मार्च १८१२ आणि गाव होतं अमेरिकेतलं बॉस्टन.

गंमत अशी, की चित्रकारानं तो मनानं रचलेला नव्हता. ते चक्क एका मतदारसंघाचं चित्र होतं! बॉस्टनच्या उत्तरेला एसेक्स नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तिथली गावं एकामागून एक जोडत जोडत तो मतदारसंघ असा काही वळवला होता, की व्यंगचित्रकाराला फक्त डोकं, पंख आणि नख्या तेवढ्या चिकटवाव्या लागल्या. पालीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला इंग्रजीत सॅलमँडर म्हणतात. त्या राज्याचे गव्हर्नर होते एल्ब्रिज गेरी. मग गेरी आणि सॅलमँडर यांची जोडी लावून कुणीतरी शब्द बनवला 'गेरीमँडर'. आज दोनशे वर्षांनंतरही तो शब्द जगभर वापरतात. फक्त लोक त्याचा उच्चार 'जेरीमँडर' असा करतात. स्वतः गेरीसाहेबांना तो मुळीच आवडला नसता, कारण ते आपलं आडनाव 'गेरी' असंच म्हणायचे.

हे गेरी काही लहानसहान गृहस्थ नव्हते बरं का. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांतले ते एक. पुढे ते देशाचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. पण नाव राहिलं ते या एका नकाशामुळे. फेब्रुवारी १८१२ मध्ये त्यांनी एका कायद्यावर सही केली आणि राज्याच्या सिनेटसाठी मतदारसंघांच्या नव्या सीमा ठरल्या. त्या आखल्या होत्या त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी.

निकाल काय लागला? गेरींच्या पक्षाला मतं पडली ५०,१६४. विरोधी फेडरलिस्ट पक्षाला ५१,७६६. म्हणजे विरोधकांना १,६०२ मतं जास्तच. आणि जागा? गेरींच्या पक्षाला २९, विरोधकांना ११! आहे की नाही कमाल? गेरी स्वतः मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. कारण गव्हर्नरसाठी सगळं राज्य एकत्र मत देतं. तिथे रेषा ओढायला जागाच नसते.

पंचवीस मुलांची सहल

हे होतं कसं, ते कळायला तुम्हांला अमेरिकेला जायची गरज नाही. गणिताची चौकटीची वही काढा. पाच ओळी आणि पाच स्तंभ असा २५ घरांचा चौकोन आखा. प्रत्येक घरात एक मूल बसलंय असं समजा. डावीकडच्या तीन स्तंभांतल्या १५ मुलांना सहलीसाठी रायगडाला जायचंय. उजवीकडच्या दोन स्तंभांतल्या १० मुलांना अलिबागच्या समुद्रावर. बाई म्हणाल्या, "पाच-पाच जणांचे पाच गट करा. प्रत्येक गट एक प्रतिनिधी निवडेल. प्रतिनिधी ठरवतील कुठे जायचं ते."

आता गट पाडण्याचं काम कुणाच्या हातात आहे, यावर सगळं आलं. उभे गट पाडले तर रायगडाचे तीन प्रतिनिधी, अलिबागचे दोन. मुलांच्या संख्येप्रमाणे अगदी बरोबर. आडवे गट पाडले तर? प्रत्येक ओळीत तीन रायगडवाले, दोन अलिबागवाले. पाचही प्रतिनिधी रायगडाचे! अलिबागचा एकही नाही. मुलं तीच, त्यांच्या आवडी त्याच, एकही मत इकडचं तिकडे झालेलं नाही.

आणि खरं कोडं पुढेच आहे. तुम्ही अलिबागवाले आहात. तुमची मुलं फक्त दहा. तरीही गट असे पाडा, की पाचांपैकी तीन प्रतिनिधी तुमचे येतील. अट एकच, गटातली घरं एकमेकांना बाजूनं चिकटलेली हवीत. कोपऱ्याला कोपरा लागलेला चालणार नाही. जमतं! उत्तर लेखाच्या शेवटी दिलं आहे, पण आधी स्वतः प्रयत्न करा. आईबाबांनाही बसवा. त्यांनाही लगेच येणार नाही, पैज!

या चलाखीचे डाव दोनच. एक म्हणजे कोंबणे, म्हणजे समोरच्याचे पुष्कळ मतदार एकाच मतदारसंघात घालायचे. तिथे तो भरघोस मतांनी जिंकतो, पण बाकी सगळीकडे त्याची माणसंच उरत नाहीत. दुसरा डाव फोडणे. त्याच्या वस्तीचे तुकडे करून ते चार ठिकाणी वाटून टाकायचे, म्हणजे तो सगळीकडे थोडक्यात हरतो.

नऊपैकी नऊ

आता आजच्या मॅसॅच्युसेट्सकडे येऊ. बॉस्टन ज्या राज्यात आहे, गेरी ज्याचे गव्हर्नर होते, तेच हे राज्य. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. (आपल्याकडच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही!) त्या काँग्रेसचं खालचं सभागृह म्हणजे प्रतिनिधिगृह. त्यात ४३५ जागा. दर दहा वर्षांनी जनगणना होते, लोकसंख्येप्रमाणे त्या ४३५ जागा पन्नास राज्यांना वाटून देतात आणि मग प्रत्येक राज्य आपल्या वाट्याच्या मतदारसंघांच्या रेषा नव्यानं आखतं. निवडणूक मात्र दर दोन वर्षांनी. मॅसॅच्युसेट्सला सध्या नऊ जागा आहेत. २०२० च्या जनगणनेप्रमाणे एका मतदारसंघात सुमारे ७ लाख ८१ हजार माणसं येतात.

या नऊच्या नऊ जागांवर डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं आहेत. रिपब्लिकन पक्षाचे शेवटचे दोन सभासद १९९६ च्या निवडणुकीत पडले. त्यानंतर तिथून एकही रिपब्लिकन प्रतिनिधिगृहात गेलेला नाही. आणि तिथे रिपब्लिकन मतदार नाहीतच असं थोडंच आहे? २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी शंभरातल्या सुमारे ३६ जणांनी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं. शंभरातले छत्तीस म्हणजे नवातले तीन तरी हवेत की नाही?

तुम्ही म्हणाल, "कळलं! तोच पंखवाला प्राणी पुन्हा आला." मलाही पहिल्यांदा हे आकडे वाचून तसंच वाटलं. पण थांबा. गोष्ट इतकी सोपी नाही, आणि म्हणूनच ती मजेदार आहे.

टफ्ट्स विद्यापीठ बॉस्टनच्या शेजारीच आहे. तिथल्या गणितज्ञ मून डचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच प्रश्न गणितात घातला. त्यांनी विचारलं, की रिपब्लिकन लोकांना एक तरी जागा मिळेल असा नकाशा आखता येतो का? २००० सालची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घ्या. दोन मुख्य उमेदवारांतच हिशेब केला, तर रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना इथे ३५ टक्क्यांहून जास्त मतं होती. आता राज्यातली कुठलीही गावं उचला. ती एकमेकांना लागून नसली तरी चालतील, राज्यभर विखुरलेली चालतील. एका मतदारसंघाइतकी लोकसंख्या भरेल एवढी गावं गोळा करा. तरीही बुश पुढे आहेत असा एकसुद्धा मतदारसंघ बनत नाही! लबाडी करूनही नाही, चांगुलपणानं तर नाहीच.

असं का? आईला विचारा, वरणात मीठ आणि पोह्यांत शेंगदाणे यांत फरक काय? पोह्यांतले शेंगदाणे चमच्यानं वेचून वेचून एका वाटीत काढता येतात. वरणातलं मीठ काढता येत नाही. कुठूनही पळी बुडवा, चव तीच. मॅसॅच्युसेट्समधले रिपब्लिकन मतदार वरणातल्या मिठासारखे आहेत. या गावात तीसपस्तीस टक्के, त्या गावातही तितकेच. रेष कुठूनही ओढा, बहुतेक जागी ते कमीच भरणार.

उपमा थोडी कमीही पडते, तेही सांगून टाकतो. माणसं म्हणजे मीठ नव्हे. उमेदवार पाहून ती मत बदलतात. २०१२ मध्ये सहाव्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार सुमारे एक टक्क्याच्या फरकानं हरला. अगदी हातातोंडाशी आलेला घास! आणि याच राज्यात १९९१ ते २००७ सलग रिपब्लिकन गव्हर्नर होते. २०१५ ते २०२३ पुन्हा एक होते, चार्ली बेकर. २०२१ मध्ये सध्याचा नकाशा राज्याच्या विधिमंडळानं मंजूर केला, तेव्हा त्यावर सही केली ती याच रिपब्लिकन बेकरसाहेबांनी.

शेंगदाणे चिरले तर

आता दुसरं टोक पाहा. पश्चिमेकडचं यूटा राज्य. मोठं मिठाचं सरोवर असलेलं, म्हणून राजधानीचं नाव सॉल्ट लेक सिटी. इथे मॅसॅच्युसेट्सच्या अगदी उलट आहे. रिपब्लिकनांचा जोर. काँग्रेसच्या चार जागा आणि २०२४ पर्यंतच्या निकालात चारही रिपब्लिकनांकडे. म्हणजे निकाल दोन्हीकडे सारखाच, सगळं एका बाजूला. पण इथले डेमोक्रॅट मतदार मिठासारखे पसरलेले नाहीत. ते पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखे सॉल्ट लेक काउंटीत एका जागी गोळा झालेले आहेत. त्यांचा एक मतदारसंघ सहज होऊ शकतो. म्हणून २०२१ च्या नकाशात काय केलं गेलं? त्या एका काउंटीचे चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दूरदूरच्या खेड्यांना जोडला!

खरं तर यूटाच्या मतदारांनी २०१८ मध्येच मतदान करून ठरवलं होतं, की रेषा आखायला पक्षांपासून वेगळा असा आयोग नेमावा आणि एका पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा करू नये. विधिमंडळानं २०२० मध्ये तो कायदा पातळ करून टाकला. लोक कोर्टात गेले. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी जुना नकाशा रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये सॉल्ट लेकचा बराचसा भाग एकत्र ठेवणारा नकाशा निवडला.

तेव्हा, 'नऊपैकी नऊ' किंवा 'चारपैकी चार' एवढं वाचून लबाडी झाली की नाही हे सांगता येत नाही. माणसं कुठे राहतात ते पाहावं लागतं.

खरी लढत कधी होते?

एका बाजूला झुकलेल्या राज्यात आणखी एक गोष्ट घडते. निवडणुकीत चुरसच उरत नाही. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नऊ जागांपैकी फक्त दोन जागांवर रिपब्लिकन उमेदवार उभे होते. दोन ठिकाणी अपक्ष होते, आणि उरलेल्या पाच ठिकाणी समोर कुणीच नाही! मतपत्रिकेवर एकच नाव.

मग मतदारांनी करायचं काय? तर तिथे खरी लढत होते ती आधीच्या फेरीत. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार वरून कुणी 'तिकीट' देऊन ठरवत नाही. मतदारच मतदान करून तो निवडतात. तिला प्रायमरी म्हणतात. सप्टेंबर २०१८ मध्ये बॉस्टनच्या सातव्या मतदारसंघात मायकेल कॅपुआनो हे वीस वर्षं निवडून येत असलेले सभासद उभे होते. त्यांच्यासमोर त्यांच्याच पक्षाच्या, बॉस्टनच्या नगरसेविका आयाना प्रेसली उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत समोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता. मॅसॅच्युसेट्समधून काँग्रेसमध्ये गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. म्हणजे निवडणूक नोव्हेंबरची, पण निकाल सप्टेंबरलाच लागून गेला!

इथे एक मराठी माणूसही आपल्याला भेटतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या तेराव्या मतदारसंघातून ते २०२२ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. तिथेही डेमोक्रॅटांचं इतकं प्राबल्य, की ऑगस्टची प्रायमरी हीच मुख्य लढाई. उमेदवार होते नऊ. मतं नऊ जणांत वाटली गेली आणि ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर पहिले आले. पुढची निवडणूक त्यांनी अगदी आरामात जिंकली. यावर तिथे चर्चाही पुष्कळ झाली. डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर. १९५५ पासून काँग्रेसमध्ये तिथला कुणी ना कुणी कृष्णवर्णीय सभासद असायचाच. २०२३ मध्ये पहिल्यांदा एकही उरला नाही. काही लोक म्हणाले हा नव्या रेषांचा परिणाम, काही म्हणाले मतं फुटल्याचा. माझ्या मते दोन्ही खरं आहे.

त्या रेषा आखल्या होत्या कुणी? पुढाऱ्यांनी नव्हे, तर तेरा साध्या नागरिकांनी! चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. अर्ज मागवले आणि सोडत काढून माणसं निवडली. आपल्याकडे भिशीची चिठ्ठी काढतात ना, तसंच म्हणा. २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनीच ही पद्धत पसंत केली होती.

फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड

रेषा म्हटलं की सगळे पक्षांचाच विचार करतात. पण मॅसॅच्युसेट्समध्ये २०२१ साली खरा वाद पेटला तो दोन शहरांवरून. राज्याच्या दक्षिणेला फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड ही जवळजवळची शहरं आहेत. एकेकाळी दोन्हीकडे कापडगिरण्या होत्या, गिरणगावच म्हणा ना. न्यू बेडफर्ड हे मासेमारीचं मोठं बंदर. दोन्ही शहरांत पोर्तुगालहून आलेल्या लोकांचे वंशज खूप. पुष्कळांचं म्हणणं होतं, "आमची सुखदुःखं सारखी. आम्हांला एकाच मतदारसंघात ठेवा." पण नकाशात फॉल रिव्हर गेलं चौथ्या मतदारसंघात, बॉस्टनजवळच्या न्यूटन, ब्रुकलाइन अशा श्रीमंत उपनगरांबरोबर. न्यू बेडफर्ड राहिलं नवव्यात. बाजू मांडणारे मात्र म्हणाले, "आधी फॉल रिव्हरचे दोन तुकडे होते, आता शहर अख्खं राहिलं. आणि दोन शहरांचे दोन प्रतिनिधी मिळाले, तर वाईट काय?"

दोन्ही मतदारसंघ डेमोक्रॅटांचेच, तेव्हा पक्षाच्या जागांत काही फरक पडला नाही. पण बंद पडलेल्या गिरणीचा प्रश्न घेऊन एखादा माणूस आपल्या प्रतिनिधीकडे गेला, तर त्या प्रतिनिधीच्या दारात आधीच कोण रांगेत उभं आहे, यानं फरक पडतोच की!

कोर्ट काय म्हणतं?

१९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राज्यातल्या काँग्रेसच्या मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी हवी. पण पक्षाच्या फायद्यासाठी ओढलेल्या रेषांचं काय? २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की तो प्रश्न केंद्राच्या न्यायालयांनी सोडवायचा नाही. राज्यांनी आपापल्या कायद्यानं सोडवावा. त्यामुळे यूटातला खटला राज्याच्या कोर्टात चालला. आणि त्यामुळेच २०२५ मध्ये एक वेगळीच शर्यत लागली. जनगणना झालेली नसताना टेक्सासनं रिपब्लिकनांना आणखी जागा मिळाव्यात म्हणून नवा नकाशा केला. मग कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरमध्ये मतदान घेऊन डेमोक्रॅटांच्या फायद्याचा नकाशा मंजूर करून घेतला. 'तू केलंस म्हणून मी केलं!' मधल्या सुट्टीतलं भांडण आठवलं ना?

आपल्याकडे हे काम पुढारी करत नाहीत. त्यासाठी परिसीमन आयोग असतो. त्याचा आदेश निघाला की कोर्टातही सहसा बदलत नाही. मागचा नकाशा २००८ मध्ये लागू झाला. तुमचे आजोबा कोकणातले असतील तर त्यांना विचारा, मधु दंडवते कुठून निवडून यायचे? ते सांगतील, राजापूरहून. आता लोकसभेच्या यादीत राजापूर शोधून पाहा. नाही सापडणार. त्या नकाशात राजापूर गेलं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा मतदारसंघ आला. महाराष्ट्राच्या जागा मात्र ४८ च राहिल्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या एका खासदारामागे सरासरी २३ लाखांहून जास्त माणसं येतात. मॅसॅच्युसेट्सच्या जवळजवळ तिप्पट!

कोड्याचं उत्तर

घरांना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीनं १ ते २५ असे आकडे द्या. पहिली ओळ १ ते ५, दुसरी ६ ते १०, याप्रमाणे. आता गट असे पाडा:

१, २, ३, ४, ६
११, १६, १७, २१, २२
५, ७, ८, ९, १०
१२, १३, १४, १५, २०
१८, १९, २३, २४, २५

पहिल्या दोन गटांत रायगडवाले कोंबले आहेत. उरलेल्या तिन्ही गटांत अलिबागवाले तीन आणि रायगडवाले दोन. प्रत्येक गटाला वेगळा रंग द्या आणि बघा, त्यातला कुठला गट प्राण्यासारखा दिसतो ते. पंख आणि नख्या तुम्ही काढा!